कॅसेटचे दोन दात

कॅसेटला दात असतात, हे आजकालच्या पोरांना सांगितलं तर ती माझ्याकडे संशयाने बघतात. मागच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दोन बारीक चकत्या असतात, एक या बाजूची, एक त्या बाजूची. चकती शाबूत असली तर त्या बाजूवर रेकॉर्डिंग होतं. ती तोडून टाकली की मशीनचं लाल बटण दबतच नाही आणि आतला आवाज सुरक्षित राहतो. आम्ही धंद्यातले लोक त्यांना दात म्हणायचो. पण तुटलेल्या दाताच्या भोकावर चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावला की बटण मुकाट्याने पुन्हा दबतं. हा तुकडा मी आयुष्यात हजारो वेळा लावला. त्यातला एक लावायला नको होता, आणि ही गोष्ट त्याच तुकड्याची आहे.

रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत आमचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. समोरच्या अर्ध्या भागात आमचे हे टेपरेकॉर्डर दुरुस्त करत बसायचे आणि मागच्या अर्ध्या भागात दोन डेक, एक माइक आणि मी. माझे वडील रेल्वेत होते. मी सात वर्षांची असताना आम्ही गोंदियाहून बदलीने रायपूरला आलो ते आलोच. माझं मराठी ऐकून नागपूरचे नातेवाईक हसतात आणि हिंदी ऐकून रायपूरचे. धंद्यात मात्र सगळे मला दीदी म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

काम तसं सरळ होतं. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं, आम्ही आमच्याजवळच्या कॅसेटांवरून ती गाणी त्याच्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. पण यादी उतरवणं वेगळं आणि कॅसेट भरणं वेगळं. कोणत्या गाण्यानंतर कोणतं गाणं, मध्ये किती श्वास सोडायचा, बाजू संपताना गाणं अर्ध्यात तुटू नये म्हणून आधीपासून हिशेब कसा धरायचा, हे हाताला यावं लागतं. जगदलपूरच्या रस्त्यावर बस चालवणारा एक ड्रायव्हर यायचा. केशकालचा घाट लागेल तेव्हा संथ गाणी आणि घाट उतरला की धडाक्याची, अशी त्याची अट. मी त्याला विचारलं, रस्त्यात ट्रक आडवा आला तर? तो म्हणाला, तर आधीच्या वळणावर थांबून कॅसेट मागे घेतो. प्रवासी बिचारे काय समजत असतील देव जाणे.

प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला मी माझ्या आवाजात दुकानाचं नाव भरायची. दुसऱ्या दुकानदाराने आमची कॅसेट उतरवून विकू नये म्हणून सगळेच तसं करत. "आप सुन रहे हैं शोभा रिकॉर्डिंग, बूढ़ापारा, साइड ए." मागे आमच्या ह्यांनी वाजवलेली घंटी. परवा परवा शंकरनगरच्या भाजीवाल्याकडे मी कोथिंबीर ताजी आहे का विचारत होते, तर शेजारचे टकले गृहस्थ गर्रकन वळले आणि म्हणाले, "साइड ए?" त्यांनी सांगितलं की कॉलेजात प्रेम मोडलं तेव्हा ते आमचीच कॅसेट लावून रडायचे, त्यामुळे माझा आवाज आला की त्यांना अजून भरून येतं. मी म्हटलं, आता काय करू, कोथिंबीर घेऊ की नको?

लोकांना वाटतं, जुन्या आठवणी म्हटलं की जुनी सिनेमातली गाणी. तसं नसतं. ज्याच्या जवानीत जे वाजलं ते त्याचं जुनं गाणं. हे मला शिकवलं बीरगांवच्या चार पोरांनी.

गणपतीच्या आधीचे दिवस होते आणि पोरांना मांडवातल्या नाचाच्या स्पर्धेत उतरायचं होतं. चौघंही एकोणीस-वीसचे, कपाळाला पट्ट्या बांधलेल्या, जणू चौघांचंही एकाच वेळी डोकं दुखतंय. त्यांचा म्होरक्या सुदेश. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या लोकांची वस्ती आहे बीरगांवला, तिथला. वडील वारलेले, आई आणि हा. त्याच्याजवळ कोणाच्या तरी दुबईच्या भावाने आणलेली इंग्रजी कॅसेट होती. मी ती लावली. एक माणूस न थांबता बोलत होता. सूर नाही, आलाप नाही, नुसतं बोलणं, तेही रागावल्यासारखं. मी म्हटलं, हे गाणं नाही, मंडईतलं भांडण आहे. सुदेश म्हणाला, दीदी, याला रॅप म्हणतात, पण आम्हाला ते बोलणं नकोच.

"मधात एका ठिकाणी तो चूप होते अन् नुसता ढोल वाजते," तो म्हणाला. "मले फक्त तो ढोल पाहिजे. सहा मिनिटं."

मी ढोल मोजला. आठ सेकंद. आठ सेकंदांचा ढोल सहा मिनिटं वाजवायचा म्हणजे तोच तुकडा पंचेचाळीस वेळा एकापुढे एक जोडायचा, आणि जोड कुठे आहे ते नाचणाऱ्याच्या पायाला कळता कामा नये. आज हे काम मोबाइलवर शेंबडं पोर करतं. तेव्हा ते अंगठ्याने करावं लागायचं. पहिल्या डेकवर ढोल वाजवायचा, दुसऱ्यावर भरायचा, ढोल संपता संपता दुसऱ्याचं पॉजचं बटण दाबायचं, पहिली कॅसेट मागे न्यायची, ढोलाची पहिली थाप पडायच्या क्षणाला पॉज सोडायचं. असं पंचेचाळीस वेळा. मध्येच गिऱ्हाईक आलं तर मशीन बंद करायचं, मग पुन्हा भरलेल्या टोकापर्यंत कॅसेट चालवत आणून तिथून पुढे.

मी ते अंगावर घेतलं ते निव्वळ हट्टाने. शहरातल्या दुसऱ्या दोन दुकानदारांनी त्यांना हाकलून दिलं होतं, असं कळलं होतं. तीन दुपारी लागल्या. पहिल्या दुपारी मी त्या ढोलाला शिव्या दिल्या. दुसऱ्या दुपारी माझा पाय आपोआप हलायला लागला. तिसऱ्या दुपारी मला एकदम गोंदियाचं आमचं जुनं क्वार्टर दिसलं, जयंतीच्या मिरवणुकीतलं डफडं, आणि बाबांच्या खांद्यावर बसून त्यांच्या डोक्यावर ताल धरणारी मी. ढोल कुठल्या परदेशातला, वाजवणारा कोण, आणि मला आठवले ते माझे बाबा. त्या आनंदात मी एक चूक केली.

पोरांनी नवी कॅसेट आणली नव्हती. सुदेशने घरातल्या कपाटातून एक जुनी उचलून आणली होती. वर नाव नाही, काही नाही, आणि दात तुटलेले. दात तुटलेली कॅसेट आली की आधी दोन मिनिटं ऐकायची आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, पुसू का, हा आमच्या दुकानाचा नियम. नियम ह्यांचा, आणि पाळायचेही तेच. माझं डोकं ढोलात होतं. मी चिकटपट्टी लावली आणि कामाला लागले.

चौथ्या दिवशी पोरांना ऐकवायला कॅसेट लावली. जोड एकही कळत नव्हता, मी खुशीत होते. आणि साधारण निम्म्यावर दोन थापांच्या मध्ये एक पुरुषी आवाज आला, "हव."

आमच्या रायपुरात हो म्हणायला सगळेच हव म्हणतात. मी रागाने आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. दुकानाचं नाव भरताना माइक चालू राहिला असणार आणि यांनी नेमकं तेव्हा कोणाला तरी हव म्हटलं असणार. हे म्हणाले, मी काही बोललो नाही. मी म्हटलं, तुम्ही नाही तर काय डेक बोलला? हे म्हणाले, तू काम करून राहिली होती तेव्हा माझ्या तोंडात सोल्डरची तार होती, तोंडात तार धरून माणूस हव कसा म्हणेल? पोरांसमोर आमचं चांगलंच जुंपलं. मी सुदेशला म्हटलं, उद्या ये, हे काढून पुन्हा भरून देते.

"दीदी, हात नका लावू," तो म्हणाला. "त्याच हववर आम्ही चौघं एकदम पाय आपटू."

आणि तसंच झालं. स्पर्धेला आम्ही दोघं स्कूटरवरून बीरगांवला गेलो. पोरं डोक्यावर फिरली, हातावर चालली, आणि ढोल मध्येच थांबून "हव" आला तसे चार पाय एकदम फळ्यांवर आपटले. लोक वेडे झाले. वन्स मोअर मिळाला आणि दुसऱ्या वेळी मांडवातला प्रत्येक जण त्या जागेवर "हव" ओरडला. दुसरा नंबर आला. पहिला नंबर देवांच्या झाकीला, म्हणजे सजीव देखाव्याला, मिळाला. आता देवांपुढे कोणाचं चालतं! पण मला स्टेजवर बोलावून नारळ दिला, आणि येताना स्कूटरवर मी ह्यांना म्हटलं, तुमचा हव चांगलाच चालला. हे म्हणाले, माझा नाही तो.

पंधरा दिवसांनी दुपारच्या वेळी एक बाई दुकानात आल्या. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत ती कॅसेट. सुदेशची आई, शेवंताबाई.

त्यांनी जे सांगितलं ते असं. सुदेशच्या वडिलांची आई तुमसरजवळच्या एका खेड्यात राहायची. तिला वाचता यायचं नाही, म्हणून ते शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून आणायचे, अर्धा तास आईशी बोलायचे आणि गावाकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती ती कॅसेट पाठवायचे. तेव्हा पुष्कळ लोक अशी आवाजाची पत्रं पाठवत. पुढे सुदेशचे वडील आजारपणात गेले, मग म्हातारीही गेली, आणि तिच्या पेटीतून ही एकच कॅसेट परत आली. दात शेवंताबाईंनी स्वतः तोडले होते, केसातल्या आकड्याने, कोणी चुकून पुसू नये म्हणून. वर्षातून एक दिवस, नवरा गेला त्या तारखेला, त्या ती ऐकत. कपाटातली ती कॅसेट कशाची आहे हे सुदेशला माहीत नव्हतं, कारण ऐकताना त्या त्याला बाहेर पाठवत. पोराच्या समोर रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडणात हरणारी नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमी ऐकलं तरी असतं एकदा. सुदेशच्या बाबाचा आवाज लावला, तं तुमी बोलल्या."

आप सुन रहे हैं शोभा रिकॉर्डिंग, बूढ़ापारा, साइड ए. मागे घंटी.

मी ती कॅसेट शेवटपर्यंत चालवून पाहिली. मला अजून आशा होती, कारण पत्र अर्ध्या तासाचं आणि ढोल सहाच मिनिटं. पण माझं काम नीटनेटकं. नाच संपल्यावर लाउडस्पीकरवर मागचा काही कचरा वाजू नये म्हणून ढोलानंतरची उरलेली बाजू मी शांतता भरून पुसून काढली होती. हे मी न सांगता करायची, आणि त्याचा मला अभिमान होता. दुसरी बाजू कोरी होती. मी शेवंताबाईंना पाणी दिलं, ते त्या प्याल्या आणि कॅसेट पिशवीत घालून गेल्या. सुदेशने नाच सोडला, हे नंतर कानावर आलं. कारखान्यात लागला, ते बरंच झालं, पण तो नाचायचा नाही आणि त्याच्या घरात ढोल वाजायचा नाही.

मी दुकानात पाटी लावली, "दात तुटलेली कॅसेट आधी ऐकली जाईल." लोक हसायचे. मी ती पाटी दुकान बंद होईपर्यंत काढली नाही.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आम्ही शंकरनगरला मुलाकडे राहतो. दोन्ही डेक मी सोबत आणले, सून बिचारी त्यांच्यावरची धूळ पुसते. लोक अजून शोधत येतात, जुन्या कॅसेटांवरचं कॉम्प्युटरवर उतरवून द्या म्हणून. कोणाचं बारसं, कोणाच्या आजोबांचं भजन. मी उतरवून देते. आमच्या ह्यांना आता ऐकायला कमी येतं, त्यामुळे घरात शांतता आहे.

गेल्या वर्षी थंडीत एक पोट सुटलेला गृहस्थ आणि एक पोरगी दारात उभे राहिले. तो म्हणाला, दीदी, ओळखलं का, मी घनश्याम, हातावर चालायचो तो. आता एका सरकारी दफ्तरात बाबू आहे आणि खुर्चीवरूनही मोठ्या कष्टाने उठतो. पोरगी सुदेशची, प्रज्ञा. तिचं लग्न ठरलं होतं. तिला आजीच्या ट्रंकेत बापाचा फोटो सापडला होता, कपाळाला पट्टी, डोक्यावर उभा. तिने घनश्यामकाकाला पकडून सगळं वदवून घेतलं आणि आता तिचा हट्ट होता की हळदीला चौघांनी नाचायचं. बापाला काही माहीत नव्हतं. स्वतः ती दिवसभर कानात रॅप घालून फिरणारी. माझा ढोलाचा किस्सा ऐकून ती म्हणाली, "आंटी, जहाँ ये म्यूज़िक शुरू हुआ ना, वहाँ भी लोग हाथ से यही करते थे। आप तो ओजी हो।" ओजी म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, सबसे पुराना वाला. मी म्हटलं, म्हणजे जुनं खोड. तेवढं मला आधीच माहीत होतं.

घनश्यामने खिशातून कॅसेट काढली. तीच. त्या वेळी सुदेशने ती त्याच्या अंगावर फेकली होती आणि याने जपून ठेवली होती. "दीदी, दफ्तरात कटकट झाली का मी घरी येऊन हे लावतो," तो म्हणाला. "सहा मिनिटं मी वीस वर्षांचा असतो. बायको म्हणते, काहून पाय आपटून राहिले?"

मला ती कॅसेट हातात घ्यायचीच नव्हती. ज्या घरातल्या माणसाचा आवाज मी पुसला, त्याच घरात लग्नाच्या दिवशी ती वाजवायची? मी त्यांना दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, सून कामाला गेल्यावर, कानाला हेडफोन लावला आणि ऐकायला बसले. जोड तेवढेच चांगले होते. निम्म्यावर हव आला. मी हसले. आणि मग कॉम्प्युटरवर तो तुकडा मोठा करून पुन्हा ऐकला, कारण त्यात माझ्या दुकानाचा आवाज नव्हता. आमच्या गल्लीत सतत स्कूटर चालायची, पंखा खडखडायचा. यात एक कोंबडा होता. बूढापाऱ्याच्या दुकानात कोंबडा कुठला?

मग मला कळलं. मध्ये गिऱ्हाईक आलं की मी मशीन बंद करायची आणि नंतर भरलेल्या टोकापर्यंत कॅसेट आणून पुढे भरायची. त्या वेळी हात किंचित उशिरा उठला, टोकाच्या जरा पुढे थांबला, तर मधला जुना तुकडा न पुसता तसाच राहतो. अर्धा सेकंद, कधी त्याहून कमी. पंचेचाळीस जोडांत असे पाच ठिकाणी माझा हात चुकला होता. चार तुकडे ढोलाच्या दणक्यात दडून गेलेले, पाचवा तो हव. जिथे मी नीट काम केलं तिथे सगळं गेलं, आणि जिथे माझा हात चुकला तिथे तो माणूस उरला होता.

मी ह्यांच्याकडे गेले आणि कानाशी मोठ्याने सांगितलं की तुमचा नव्हता तो हव. इतक्या वर्षांनी! हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तोंडात तार होती माझ्या."

दुसऱ्या दिवशी घनश्याम मला बीरगांवला घेऊन गेला. मी आधीच सांगितलं होतं की सुदेश आणि त्याची आई दोघांनाही सांगितल्याशिवाय मी ढोल देणार नाही. शेवंताबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या, नजर अधू झालेली. मी म्हटलं, मी कोण ते सांगते. त्या म्हणाल्या, नका सांगू, आवाजावरून ओळखलं. सुदेश दारात उभा राहिला, केस पिकलेला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि मुलाचा लॅपटॉप उघडला.

पाच तुकडे मी एकापुढे एक लावून आणले होते, ढोल काढून. सगळे मिळून तीन सेकंदसुद्धा नाहीत. आधी नुसता खोकला. मग "आई". मग "गाडी" शब्दाचा मागचा अर्धा भाग. मग "सुदे", तिथेच तुटलेलं. आणि शेवटी हव, कोंबड्यासकट.

शेवंताबाईंनी हाताने पुन्हा लावा अशी खूण केली. मी पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा हलला आणि मला वाटलं आता रडतील, तर त्या हसायला लागल्या.

"बिडी सोडली म्हणून सांगून राहिला होता आईले," त्या म्हणाल्या, "अन् मधातच खोकला आला. तुमी बरोबर खोकलाच वाचवला."

मग त्यांनी हवचंही सांगितलं. तो माणूस टेपशी बोलताना आई समोर बसली आहे असं धरून बोलायचा. जेवला का रे, असं ती विचारते आहे असं समजून थोडं थांबायचा आणि मग म्हणायचा, हव. सुदेशने डोळे पुसले, लपवले नाहीत. तो घनश्यामला म्हणाला, म्हणजे त्या दिवशी मांडवात बाबाच बोलले होते आणि आपण पाय आपटला. मग लेकीकडे वळून त्याने विचारलं, हळद कधी आहे?

मी शेवंताबाईंना म्हटलं, हे पाच तुकडे मी साफ करून मोबाइलमध्ये घालून देते, नुसता आवाज, ढोल नको.

"ढोल राहू द्या," त्या म्हणाल्या. "एकट्याले नका काढू बाहेर. पोट्टे नाचतेत तं त्यायच्यातच राहू द्या त्याले. अन् मले मोबाइल नाही समजत. कॅसेटच द्या."

हळदीच्या दिवशी भर दुपारी अंगणात चौघं उभे राहिले, कपाळाला पट्ट्या. एकाच्या गुडघ्याला आणखी एक पट्टी होती, ती डॉक्टरची. घनश्यामने हातावर उभं राहायचा पवित्रा घेतला, पण बायकोने नुसतं बघितल्यावर तो सरळ झाला. सुदेश एक हात जमिनीला टेकून फिरायला गेला, अर्धा फिरला आणि तिथेच बसला. उठवायला दोघं लागले. पण पाय ताल विसरले नव्हते. ढोल थांबला, हव आला, चार पाय आपटले, आणि हळदीने माखलेल्या बायका-पोरांनी एकच गलका केला. दुसऱ्यांदा नाच झाला तेव्हा बाजेवरून शेवंताबाईही बोलल्या, जरा आधीच, म्हणजे नवऱ्याचा हव यायच्या आधी. नंतर मी त्यांना विचारलं, तुमचा ताल चुकला का? त्या म्हणाल्या, मी हव नाही म्हटलं, मी विचारलं, जेवला का?

त्यांच्यासाठी ढोलासकट भरलेली नवी कॅसेट मी पिशवीतून काढून दिली. कोरी कॅसेट आता बाजारात मिळत नाही. माझ्या कपाटात तळाशी एक होती, कागदात गुंडाळलेली, कधीच न वापरलेली. तरी भरण्याआधी मी ती दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकली, तासभर. काही नव्हतं. या वेळी सुरुवातीला माझा आवाज भरला नाही.

शेवंताबाईंनी ती बोटांनी चाचपली, मागची कड शोधली आणि अंबाड्यातला आकडा काढला. एक दात त्यांनी कट्कन तोडला. मग कॅसेट आणि आकडा दोन्ही माझ्या हातात दिले.

"दुसरा तुमी तोडा," त्या म्हणाल्या.

मी तोडला.